कोकणात राहून लॉ करायचंय? मग आधी एक फाईल विकत घ्या

दरवर्षी बारावीचे आणि टीवायचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, लॉ करायचंय, कसं असतं ते?" मग मी तेच तेच सांगत बसते, अर्धं फोनवर, अर्धं कोर्टातून घरी जाताना एसटीत, आणि नेमकी कॅपच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेच्या, मुद्द्यावर आले की रेंज जाते आणि पलीकडे कोणीतरी हॅलो हॅलो करत राहतं. म्हणून म्हटलं एकदाच लिहून काढू, पुढे ज्याला हवं त्याला पाठवता येईल.

मी कणकवलीकडची. बीकॉम, मग तीन वर्षांचं एलएलबी, तेसुद्धा येऊन जाऊन, सकाळची एसटी आणि संध्याकाळची मिळेल ती गाडी. आता तालुका कोर्टात ज्युनिअर आहे. सांगायची गोष्ट म्हणजे त्या तीन वर्षांच्या डिग्रीला मला चार वर्षं लागली, आणि केटी, म्हणजे राहिलेला विषय, एकही नाही हं, एक फॉर्म नडला. माझ्या बॅचची जी पोरं मागे राहिली ती पण बहुतेक अशीच, कोणाचा दाखला, कोणाची हजेरी, कोणाची डायरी. कॉन्ट्रॅक्टचा विषय अवघड आहे म्हणून लॉ सोडलेला माणूस मी अजून बघितला नाही.

तर पहिलं काम हेच. बटणवाली प्लास्टिकची फाईल घ्या. पुठ्ठ्याची नको, आपल्याकडे जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि आतल्या कागदाला वास येतो तो वेगळाच.

पायरी १: कुठला कोर्स ते ठरवा

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांचा, असे दोन रस्ते. पाच वर्षांच्या कोर्सला बारावी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही चालतं. सुरुवातीच्या वर्षांत कायद्यासोबत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, इंग्रजी असे विषय असतात आणि मुंबई विद्यापीठात या कोर्सला वर्षानुवर्षं बीएलएस एलएलबी म्हणतात. तीन वर्षांच्या कोर्सला कुठलीही मान्यताप्राप्त डिग्री चालते. वकिलीला दोन्ही डिग्र्या सारख्याच, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच मिळते, त्यामुळे "पाच वर्षांवाला मोठा वकील" असलं काही नसतं. ज्याचं बारावीलाच नक्की ठरलंय त्याने पाच वर्षांचं करावं, एक वर्ष वाचतं. ज्याचं ठरलं नाही त्याने आधी शांतपणे ग्रॅज्युएशन करावं, घरच्यांनी ढकललं म्हणून पाच वर्षांना बसलेली मुलं दुसऱ्या वर्षी कँटीनमध्येच जास्त दिसतात.

मध्येच उडी मारता येत नाही, म्हणजे बीए झालंय म्हणून पाच वर्षांच्या कोर्सला डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला बसवा असं होत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीची संस्था, तिच्या २००८ च्या नियमांत ते स्पष्ट बंद आहे.

घरबसल्या, पत्रव्यवहाराने, ऑनलाईन एलएलबी असं कोणी विकत असेल तर लांब राहा. त्यावर सनद मिळत नाही. सायबर लॉ, लेबर लॉ वगैरेचे डिप्लोमा असतात, ते ज्ञानासाठी किंवा नोकरीतल्या बढतीसाठी ठीक, पण डिप्लोमा करून काळा कोट घालता येत नाही. गावात एकजण असा डिप्लोमा करून स्कूटरला वकिलाचं स्टिकर लावून फिरायचा, वकील संघटनेतल्या सीनिअरांनी एकदा चहाला बोलावून समजावलं तेव्हा काढलं. एलएलएम हे एलएलबीनंतरचं, शिकवायचं असेल तर लागतं आणि त्यासोबत नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. आत्ताच त्याचा विचार करू नका.

पायरी २: टक्के बघा

जनरलला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी एसटीला ४०. पाच वर्षांना हे बारावीचे, तीन वर्षांना ग्रॅज्युएशनचे. एक खाच आहे. दहावी, बारावी, मग डिग्री असं क्रमाने झालेलं पाहिजे. बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वपरीक्षा देऊन थेट बीए केलेले बरेच लोक आपल्याकडे आहेत, विशेषतः नोकरी करणारे, त्यांचं इथे अडतं. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून डिग्री घेतलेल्यांना अडचण नाही.

पायरी ३: सीईटी

महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते. तीन वर्षांची वेगळी, पाच वर्षांची वेगळी, फॉर्म भरताना कुठला टॅब उघडलाय ते दोनदा बघा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, २०२४ पासून १२० प्रश्न, १२० मार्क, दोन तास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडून उठू नका, येत नसेल तरी ठोका. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतात, इंग्रजीचा भाग सोडून अर्थात.

दोन्हींत लीगल अ‍ॅप्टिट्यूड, जनरल नॉलेज, लॉजिकल रिझनिंग आणि इंग्रजी आहे, पाच वर्षांना थोडं गणित जास्तीचं. तीन वर्षांवाल्यांना इंग्रजीला सगळ्यात जास्त वजन, १२० पैकी ४०, त्यामुळे आपल्याकडच्या मराठी मीडियमच्या मुलांनी वेळ तिथे घालावा. मी दोन महिने रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायचे, घरातलं कुत्रं उठून पडवीत जायचं.

महाराष्ट्रातल्या मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा मार्ग वेगळा, त्यांना पाच वर्षांसाठी क्लॅट नावाची देशपातळीची परीक्षा. गोव्यात प्रवेश घ्यायचा असेल तर तिकडची प्रक्रिया वेगळी आहे, आपली सीईटी तिथे कामाची नाही. सावंतवाडी बांद्याकडच्या मुलांना पणजी जवळ पडतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पायरी ४: कॅप, इथेच माझं एक वर्ष गेलं

नीट वाचा. सीईटीचा फॉर्म भरला, परीक्षा दिली, मार्क चांगले आले, म्हणजे प्रवेशाच्या रांगेत आलात असं नाही. प्रवेशासाठी कॅपचं रजिस्ट्रेशन पुन्हा वेगळं करावं लागतं, वेगळी फी, कागद पुन्हा अपलोड, आणि मग कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी. मला वाटलं मार्क आले की ते बोलावतील. मी आपली वाट बघत बसले, आंबे संपले, पाऊस सुरू झाला, आणि मैत्रिणीने विचारलं "तुझं कुठे लागलं?" तेव्हा कळलं की रजिस्ट्रेशनची तारीख जाऊन आठ दिवस झाले. त्या वर्षी मी एका किराणा होलसेलच्या दुकानात हिशेब लिहिले. वाईट नव्हतं, पण ते वर्ष गेलं ते गेलं.

कॅपमध्ये कागद अपलोड केल्यावर ते तपासले जातात आणि काही चूक असली तर परत पाठवतात, ती दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करायची. म्हणजे रोज लॉगिन करून बघायचं. मेसेज येईल म्हणून बसू नका, आपल्या वाडीत मेसेज कधी येतो आपल्यालाच माहिती आहे. मी दुसऱ्या वर्षी रोज संध्याकाळी सड्यावर जाऊन चेक करायचे.

पसंतीक्रम भरताना स्वप्नं आणि एसटीचं टाइमटेबल दोन्ही समोर ठेवा. बॅचमधल्या एका मुलाने भावाला हौसेने पहिल्या नंबरला पुण्याचं कॉलेज टाकून दिलं, लागलंही, आणि मग हॉस्टेलचा खर्च ऐकून घरी दोन दिवस कोणी जेवलं नाही.

फीची सवलत, स्कॉलरशिप हे राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून होतं आणि त्यासाठी साधारण कॅपमधून झालेला प्रवेश लागतो. कॉलेज स्तरावरच्या कोट्यातून गेलात तर सवलत हातची जाऊ शकते, म्हणून सही करायच्या आधी ऑफिसात तोंडी नको, कागद दाखवून विचारा. मुलींसाठी २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ठराविक प्रवर्गांना व्यावसायिक कोर्सची फी माफ केलेली आहे, त्याची चौकशी नक्की करा.

पायरी ५: फाईलमध्ये काय काय

दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (फक्त शेवटची नाही, सगळ्या), डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल, म्हणजे शिवाजी विद्यापीठ वगैरे, तर मायग्रेशन सर्टिफिकेट.

नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे लक्षात ठेवा. मुदत संपलेला दाखला जोडून पाठवणारे दरवर्षी भेटतात. आणि सेतूत दाखला टाकायचा तर मे मध्येच टाका, जूनमध्ये अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत अख्खा तालुका तिथे उभा असतो, त्यात वीज गेली की सर्व्हर डाऊन, आणि मग "उद्या या". नाव सगळीकडे सारखं आहे का तेही बघा. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर परब आणि आधारवर गावाचं नाव लावलेलं आडनाव असले प्रकार खूप, हे आत्ताच सरळ करून घ्या, नाहीतर सनदेच्या वेळी पुन्हा तेच दुखणं येतं.

पायरी ६: कॉलेज

आपल्या पट्ट्यात मुंबई विद्यापीठाची कॉलेजं आहेत. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर लॉ कॉलेज, कुडाळला व्हिक्टर डान्टस, अलिबागला अ‍ॅडव्होकेट दत्ता पाटील, पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर. मुंबईत जायचंच तर चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, १८५५ चं, बाबासाहेब आंबेडकर तिथे प्रिन्सिपल होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. तिथे मार्क भरपूर लागतात.

मुंबई की गाव? माझं मत स्पष्ट आहे, इथे प्रॅक्टिस करायची असेल तर इथेच शिका. कॉलेज सुटल्यावर कोर्टात जाऊन बसता येतं, वकील नावाने ओळखायला लागतात, पहिल्या वर्षीच कोणीतरी "अगो, ती फाईल दे" म्हणतं. कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर मुंबई पुण्याला जा, इथे राहून उगाच कुढत बसू नका.

कॉलेज बघायला गेलात तर एवढंच विचारा, बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याचा सराव, खरंच होतं का फक्त बोर्ड लावलाय.

पायरी ७: हजेरी

नियम ७० टक्क्यांचा, तोही प्रत्येक विषयात. प्रिन्सिपलना खास कारणाने सूट देता येते पण त्यालाही त्या विषयात निदान ६५ आणि सगळे मिळून ७० लागतात. गणपतीला पाच दिवस, मग गौरी, मग शिमग्याला पालखी नाचवायला आठ दिवस, आणि कोकणकन्या पकडून मुंबईच्या काकाकडे जायचं, असं धरत गेलात तर सेमिस्टरच्या शेवटी डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलंच समजा. मी पहिल्या सेमिस्टरला ७१ वर होते. घाटात दरड कोसळली त्या दिवसांची कात्रणंसुद्धा मी फाईलला लावून ठेवली होती, कामाला आली नाहीत पण धीर यायचा.

नोकरी करून लॉ करणाऱ्यांनी मालकाची एनओसी आधी घ्या. २०२४ पासून बार कौन्सिलने नोकरीबद्दल आणि एकाच वेळी दुसरी रेग्युलर डिग्री करत नसल्याबद्दल लिहून द्यायला सांगितलंय, हजेरी बायोमेट्रिकने घ्यायलाही. "हजेरी बघू, सांभाळून घेतील" हे आता मागच्या पिढीचं झालं.

पायरी ८: शिकायचं काय

बार कौन्सिलच्या आराखड्यात वीस सक्तीचे कायद्याचे पेपर, चार प्रॅक्टिकलचे आणि निदान सहा ऐच्छिक. कुठल्या सेमिस्टरला काय ते विद्यापीठ ठरवतं. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, फॅमिली लॉ, संविधान, क्रिमिनल, प्रॉपर्टी, सिव्हिल प्रोसिजर, एव्हिडन्स, कंपनी, टॅक्स, असं सगळं येतं.

पुस्तकांची एक गोष्ट. सीनिअरकडून जुनी पुस्तकं घ्यायची आपली पद्धत चांगली आहे, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत. १८६० चा आयपीसी, १९७३ चा सीआरपीसी आणि १८७२ चा एव्हिडन्स अ‍ॅक्ट यांची पुस्तकं आता नुसती संदर्भाला. खुनाचं कलम ३०२ होतं ते १०३ झालं, चारसोबीस आता ३१८ मध्ये गेलं. पण जुन्या घटनांच्या केसेस जुन्याच कलमांवर चालू आहेत, म्हणून कोर्टात दोन्ही कानावर पडतात, घाबरू नका. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्टची जुनी पुस्तकं बिनधास्त घ्या.

गाईड वाचून पास होता येतं, खोटं कशाला बोलू. पण बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवा, म्हणजे नुसत्या कलमांचं पातळ पुस्तक. रोज दोन कलमं मूळ भाषेत वाचली तर शेवटच्या वर्षी तुम्ही बाकीच्यांच्या पुढे असता.

आपल्या भागात ज्याला दुर्लक्ष करतात आणि करू नये असा विषय म्हणजे जमिनीचे कायदे. १९६६ ची जमीन महसूल संहिता, १९४८ चा कूळ कायदा, खोती गेली त्याचा १९४९ चा कायदा. मुंबईच्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. आपल्याकडे अर्ध्या कोर्टाचं पोट त्यावर चालतं, बांध, पायवाट, सामाईक क्षेत्र, कुळाचं नाव. मी लॉला अ‍ॅडमिशन घेतल्याचं सांगितलं तेव्हा आजीने एकच विचारलं, "गो बाय, सातबाऱ्यावरची नावा कमी करूक शिकवतत काय थंय?" आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, त्यातले अर्धे लालबाग परळला आणि बरेचसे वर गेलेले.

पायरी ९: प्रॅक्टिकल, हे मनापासून करा

चार प्रॅक्टिकल पेपर म्हणजे ड्राफ्टिंग, वकिलीची नीतिमत्ता, तडजोडीच्या पद्धती, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिपचा. शेवटच्याचे १०० मार्क आराखड्यात असे वाटलेत, मूटचे ३०, दोन खटले बघून लिहायचे ३०, पक्षकाराशी बोलणं आणि तयारी यांच्या डायरीचे ३०, तोंडी १०. खटले दोन, एक दिवाणी एक फौजदारी.

आता ही खटला बघायची डायरी निम्मी मुलं सीनिअरची बघून उतरवतात. करू नका, कारण त्यातच मजा आहे. तालुका कोर्टात सकाळी साडेदहाला जा, बाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघा, साक्षीवर असलेली केस शोधा, शिपायाला सांगून मागच्या बाकावर बसा, फोन सायलेंट नाही, बंद. केसचा सीएनआर नंबर लिहून घ्या, १६ अक्षरांचा असतो, तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात, नाहीतर दर वेळी नाझरच्या खिडकीशी उभं राहावं लागतं.

मी बघितलेला दिवाणी दावा पायवाटेचा होता. साक्षीदार पंच्याहत्तरीचे बाबा, टोपी काढून हातात धरलेली. वकिलांनी उलटतपासात विचारलं, "वाटेच्या कडेचं ते हापूसचं कलम कोणी लावलं?" बाबा म्हणाले, "माझ्या बापाशीन." "कुठल्या साली?" "साल खय आठवता, धाकटो काको मिलिट्रीत गेलो त्या वर्सा." अख्खं कोर्ट हसलं, जजसाहेबही. मग साहेबांनी स्टेनोला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, सदर कलम माझ्या वडिलांनी लावले. मला त्याचे निश्चित साल सांगता येणार नाही." बाबांचा काका त्या वाक्यात कुठेच राहिला नाही. मी ते दोन्ही डायरीत शेजारी शेजारी लिहिलं, बाबा काय बोलले आणि रेकॉर्डवर काय आलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तेवढं एकच पान वाचलं आणि अर्धा तास त्यावरच गप्पा मारल्या.

या निमित्ताने कोर्टाची मराठी पण कानावर पडते. वादी, प्रतिवादी, कैफियत, पुरशीस, रोजनामा, सरतपास, मनाई हुकूम. कॉलेजात शिकवतात इंग्रजी शब्द आणि खालच्या कोर्टात काम चालतं मराठीत, त्यामुळे एक छोटी वही करा, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी.

आणि डायरीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. माझी पहिली डायरी एसटीत खिडकीतून आलेल्या पावसात भिजली, शाई पसरली, त्यावरच्या सह्या निळ्या ढगासारख्या दिसायला लागल्या आणि कॉलेजने ती घेतली नाही. त्या दिवशी फाईल घरी राहिली होती, डायरी पिशवीत होती. सगळं पुन्हा लिहिलं आणि वकिलांच्या मागे फिरून पुन्हा सह्या घेतल्या.

मूट कोर्टाबद्दल एवढंच, पहिल्यांदा पाय लटपटतात, सगळ्यांचेच. बोला.

पायरी १०: इंटर्नशिप

तीन वर्षांच्या कोर्सला निदान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी सगळी एकदम उरकू म्हटलं तर गणित बसत नाही, पहिल्या वर्षापासून वाटून घ्या. वकिलाचं ऑफिस चालतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रत्नागिरीकरांना रत्नागिरी, रायगडला अलिबाग. लोकअदालतीच्या आधीचे आठ दिवस तिथे माणसं कमीच पडतात आणि शिकायला भरपूर मिळतं. पैसे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, चहा मिळतो. सर्टिफिकेट शेवटच्या दिवशीच हातात घ्या, नंतर देतो म्हणणारे सीनिअर नंतर तारखेला असतात.

पायरी ११: केटी

लागते. एटीकेटीचे नियम त्या वर्षीचे विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा, मित्राच्या सांगण्यावर नको. आणि केटीचा परीक्षा फॉर्म रेग्युलर फॉर्मपासून वेगळा भरावा लागतो, पुन्हा तेच, फॉर्म.

पायरी १२: डिग्री झाली, आता सनद

आपली सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देतं. फीबद्दल पूर्वी पंधरा वीस हजारांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या, त्या आता विसरा. सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त एनरोलमेंट फी घेता येणार नाही, म्हणजे जनरलला एकूण ७५० रुपये आणि एससी एसटीला १२५, स्टॅम्प ड्युटी लागत असेल तर ती वेगळी.

सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची. १०० प्रश्न, पर्यायवाले, जनरल ओबीसीला ४५ टक्के, एससी एसटीला ४०. बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतो, पण त्यात पेनाने काही लिहिलेलं नको. म्हणून ते वापरायचे अ‍ॅक्ट कोरे ठेवा, अभ्यासाचे वेगळे. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाचं पुस्तक चेकिंगलाच बाहेर राहिलं, त्याने कडेला बहिणीचा फोन नंबर लिहिला होता म्हणे.

सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, तेव्हा बँकेत वगैरे असाल तर आधी ठरवा.

ज्यांना जज व्हायचंय त्यांनी एक लक्षात घ्या, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. डिग्री हातात आली की थेट परीक्षेला, हा जुना प्लॅन त्याने बदलला. पण ती तीन वर्षं वाया जात नाहीत, उलट उलटतपास म्हणजे काय ते कळतं.

आणि मुंबईला गेल्याशिवाय हायकोर्ट नाही, हे रत्नागिरी सिंधुदुर्गवाल्यांसाठी आता खरं राहिलं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, चालू झालंय आणि आपले दोन्ही जिल्हे त्यात आहेत. फोंडा घाट चढला की झालं, संध्याकाळी घरी. रायगड मात्र मुंबईकडेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडणगडलाही कोर्टाची नवी इमारत उघडली. मी ज्युनिअर म्हणून कोल्हापूरला तीन वेळा जाऊन आलेय, फाईली धरायला, पण आत उभं राहायला मिळतं.

ज्युनिअरला पैसे किती? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ ला परिपत्रक काढून शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार महिना द्यावा अशी शिफारस केलीय. शिफारस आहे, सक्ती नाही. मी ते परिपत्रक प्रिंट करून माझ्या सीनिअरांच्या टेबलावर ठेवलं होतं, त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. तर पहिली दोन वर्षं घरच्यांना आधी सांगून ठेवा, किंवा बाजूला नोटरीचं टायपिंग, भाडेकरार असली कामं धरा.

आजीच्या सातबाऱ्याचं राहिलं. सनद मिळाल्यावर पहिलं काम तेच हातात घेतलं. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करता येतो, सगळे सहहिस्सेदार तयार असतील तर. पण त्याच्या आधी वर गेलेल्यांची वारस नोंद हवी. ती केली, आणि तेवीस नावांची एकतीस झाली. आजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.